वाचकांचे प्रश्न : डब्ल्यूडीजी-३ए, मालगाडीचं डिझेल इंजिन

मालगाड्यांच्या डिझेल इंजिनांवर आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच वर्गावर आहे : वाराणसीच्या डीएलडब्ल्यू (डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स) कारखान्यात १९९०च्या दशकाच्या मध्यापासून बनू लागलेलं डब्ल्यूडीजी-३ए. विजेच्या तारा येईपर्यंत पुणे-मिरज आणि दौंड-मनमाड मार्गांवर साखर, खत, सिमेंट आणि कोळशाच्या रेकपुढे (अख्ख्या मालगाडीपुढे) जोडीने लागणारी ही इंजिनं आपल्याकडच्या अनेकांना आवाजावरूनच ओळखू येतात.

डब्ल्यूडीएम-३ए आणि डब्ल्यूडीजी-३ए, दोन्ही ३,१०० अश्वशक्तीची. मग वेगळा वर्ग कशाला? नुसता गिअर बदलून भागलं नसतं का? (एक वाचक, मिरज)

आधी नाव. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल. एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हींसाठी, जी म्हणजे फक्त मालासाठी. ३ म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि ए म्हणजे वर शंभर. हा जी वर्ग सुरुवातीला डब्ल्यूडीजी-२ म्हणून ओळखला जाई. पुढे अश्वशक्तीवरून नावं द्यायची पद्धत आली आणि त्याचा ३ए झाला.

आता गिअर. एम वर्गात मोटरच्या पिनियनला (लहान गिअरला) १८ दात आणि चाकाच्या गिअरला ६५. जी वर्गात १८ आणि ७४. म्हणजे मोटरमधून तेवढाच करंट गेला तरी चाकावर सुमारे १४ टक्के जास्त पीळ (टॉर्क) मिळतो. त्याची किंमत वेगात मोजावी लागते : एमचा कमाल वेग ताशी १२० किलोमीटर, जीचा १००. मालगाडीला एवढा वेग भरपूर झाला.

पण गिअर हे अर्धंच काम, आणि त्यातल्या त्यात सोपं. चाकावर पीळ वाढवला तरी रुळाने तो धरला पाहिजे, नाहीतर चाक जागच्या जागी फिरतं. आकडे पाहा. एम वर्गाचं वजन ११२.८ टन आणि गाडी हलवतानाची ओढ ३०.४ टन, म्हणजे वजनाच्या २७ टक्के. याच इंजिनाला नुसता ७४ दातांचा गिअर लावला असता तर कागदावर ओढ साडेचौतीस टनांवर गेली असती आणि वजनाशी प्रमाण ३१ टक्क्यांना टेकलं असतं. जुन्या बोगीला (इंजिनाखालच्या, चाकं आणि मोटरी बसवलेल्या सांगाड्याला) ते पेलत नाही. डब्ल्यूडीजी-३एमध्ये म्हणून दोन गोष्टी एकदम केल्या. वजन १२३ टनांवर नेलं, म्हणजे सहा आसांवर प्रत्येकी साडेवीस टन, आणि बोगीच बदलली. ओढ ३७.९ टन झाली. प्रमाण जवळजवळ ३१ टक्केच, पण इथे ते निभतं.

निभतं ते कशामुळे, हे नीट पाहण्यासारखं आहे. इंजिन गाडी ओढतं तेव्हा ते पुढून किंचित उचललं जातं आणि मागे बसतं. प्रत्येक बोगीतही तेच होतं. पुढच्या आसावरचं वजन कमी होतं आणि घसरण तिथूनच सुरू होते. एका आसाचं चाक फिरलं की सगळ्यांचीच ताकद उतरवावी लागते, म्हणून सर्वांत हलका आस किती धरतो यावर सगळं इंजिन अवलंबून. जुन्या ट्रायमाउंट बोगीत भार तीन जागी टेकतो, आसांमधली अंतरं असमान आहेत आणि तीनही मोटरी एकाच दिशेला तोंड करून बसत नाहीत. त्यामुळे मोटरींच्या नाकावरचे (बोगीला टेकलेल्या टोकावरचे) धक्के आसांवर वेडेवाकडे वाटले जातात. नव्या हाय अ‍ॅढीजन (जास्त पकडीच्या) बोगीत तीनही मोटरी एकाच दिशेला आहेत. भार कडेच्या चार रबरी पॅडवर येतो. मधला पिव्हट (बोगी आणि इंजिन जोडणारा खुंटा) खाली उतरवला आहे आणि तो उभा भार घेतच नाही, फक्त ओढ आणि ब्रेकचा जोर पलीकडे पोचवतो. पिव्हट जितका रुळाजवळ, तितकी बोगी कमी उलटते आणि पुढच्या आसावरचं वजन टिकतं.

अश्वशक्ती सारखी असूनही फरक का पडतो, त्याचा ढोबळ हिशेब असा. ३,१०० अश्वशक्तीतून कॉम्प्रेसर, रेडिएटरचा पंखा, ब्लोअर यांचा वाटा आणि अल्टरनेटर-मोटरींमधली गळती वजा केली की चाकावर साधारण १,८०० किलोवॅट उरतात. ३७.९ टन ओढ म्हणजे ३७२ किलोन्यूटन. भागाकार केला की सेकंदाला ४.८ मीटर, ताशी सतरा-अठरा किलोमीटर. या वेगाच्या खाली अश्वशक्ती कितीही असो, काम पकडीचंच. ५८ बॉक्सएन (उघड्या) वाघिणींचा भरलेला रेक सुमारे ४,७०० टनांचा. तो सिग्नलवरून उचलायचा किंवा चढावर थांबला तर पुन्हा हलवायचा, तर सगळा खेळ या सतरा किलोमीटरच्या आतच होतो. मालगाडीला वेगळा वर्ग लागला तो इथे.

हे अमेरिकन अ‍ॅल्कोचं इंजिन मुळात २,६०० अश्वशक्तीचं होतं म्हणतात. सिलिंडर तेवढेच ठेवून ५०० अश्वशक्ती आणली कुठून? (एक अभियांत्रिकी विद्यार्थी, सांगली)

अ‍ॅल्कोची डब्ल्यूडीएम-२, म्हणजे ते २,६०० अश्वशक्तीचं मूळ इंजिन, भारतात १९६२ मध्ये आली आणि वाराणसीला जोडलेलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडलं. अ‍ॅल्को कंपनीने अमेरिकेत इंजिन बनवणं १९६९ मध्ये थांबवलं, त्यामुळे पुढची सुधारणा लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने आणि वाराणसीने इथेच केली. धातूचा मूळ सांगाडा तोच : २५१ मालिकेचं १६ सिलिंडरचं व्ही इंजिन, सिलिंडरचा व्यास ९ इंच, स्ट्रोक साडेदहा इंच.

जास्त ताकद म्हणजे जास्त डिझेल, आणि ते जाळायला जास्त हवा. डिझेल घालणं सोपं : इंजेक्शन पंपाचा प्लंजर १५ मिलिमीटरचा होता, तो १७चा केला. खरी अडचण हवेची. जुन्या टर्बोच्या (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) जागी जास्त दाबाचा, जास्त कार्यक्षम टर्बो आला. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ, म्हणून आफ्टरकूलरही मोठा केला. कॅमशाफ्ट जाड केला आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ १२३ अंशांवरून १४० अंशांवर नेला. या काळात ताजी हवा सिलिंडरमधून आरपार जाते, जळका वायू झाडून काढते आणि पिस्टनचा माथा व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड करते. एवढं करूनही अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनचा माथा टिकेना, म्हणून पोलादी टोपीचा पिस्टन आला. सिलिंडरमधला कमाल दाब आटोक्यात राहावा म्हणून कॉम्प्रेशन रेशो १२.५ वरून १२ वर उतरवला. शेवटी आठव्या नॉचचे, म्हणजे थ्रॉटलच्या सर्वांत वरच्या पायरीचे, मिनिटाला फेरे १,००० वरून १,०५०. यातल्या बऱ्याच बदलांनी डिझेलही वाचतं, म्हणूनच ते जुन्या इंजिनांना दुरुस्तीच्या वेळी लावत गेले.

वीज बनवणारी बाजूही बदलली. जुन्या डब्ल्यूडीएम-२मध्ये डीसी जनरेटर होता, त्याला कम्युटेटर आणि कार्बन ब्रश. इथे अल्टरनेटर आणि पुढे एसीची डीसी करणारा रेक्टिफायर आहे. चाकांच्या मोटरी मात्र डीसीच राहिल्या.

ही इंजिनं नॉच वाढवली की भसाभस काळा धूर सोडतात. ते बिघडल्याचं लक्षण आहे का? (एक वाचक, दौंड)

नॉच वाढवल्यावर निघून थोड्या वेळात विरणारा धूर हा या जातीचा स्वभाव आहे. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. नॉच वाढवल्याबरोबर गव्हर्नर (डिझेलचं प्रमाण ठरवणारं यंत्र) डिझेल वाढवतो, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढ्या अवधीत डिझेल जास्त, हवा कमी, आणि अर्धवट जळलेला कार्बन धुराड्यातून बाहेर. जीएम (जनरल मोटर्स) जातीच्या डब्ल्यूडीजी-४मध्ये टर्बो कमी फेऱ्यांवर क्रँकशाफ्टच्या गिअरने फिरवला जातो आणि एक्झॉस्टला जोर आला की क्लच त्याला मोकळा सोडतो. म्हणून ते इंजिन नॉच घेताना एवढं काळवंडत नाही.

इंजिन एका नॉचवर स्थिर आहे आणि तरी धूर काळाच, तर मात्र शोध घ्यावा लागतो. शेडमध्ये इंजिन लोडबॉक्सला (कृत्रिम भाराला) लावतात, आठव्या नॉचवर आणतात आणि सर्वांत आधी बूस्टर एअर प्रेशर (टर्बोने दिलेल्या हवेचा दाब) पाहतात. ते कमी असेल तर दोष हवेच्या वाटेवर. एअर फिल्टर तुंबलेला, आफ्टरकूलरच्या पाकळ्यांत तेल-धूळ बसलेली, टर्बोच्या नोझल रिंगवर कार्बन, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडातून गळती. ही शेवटची बरेचदा नजरेतून सुटते. टर्बोला मिळायचा वायू वाटेतच निघून जातो आणि जोडाभोवती काजळीचा काळा फराटा दिसतो.

प्रेशर ठीक आहे आणि तरी धूर, तर डिझेलच्या वाटेवर बघायचं. एखादा इंजेक्टर फवारा न उडवता थेंब गाळतो, एखाद्या पंपाची रॅक (डिझेलचं माप ठरवणारी दांडी) इतरांपेक्षा पुढे लागलेली असते. प्रत्येक सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान मोजलं की वेगळा पडलेला सिलिंडर सापडतो. मग त्याचा इंजेक्टर काढून चाचणी पंपावर. नवा किंवा दुरुस्त केलेला नोझल ३,९०० ते ४,०५० पीएसआयला उघडला पाहिजे, उघडताना करकर आवाज आला पाहिजे आणि बंद झाल्यावर टोक कोरडं राहिलं पाहिजे. टोकाला थेंब लटकला तर तो नोझल परत लावायचा नाही.

टर्बोची एक जुनी परीक्षा आजही होते. आयडलवर (भाराविना, मंद) चालणारं इंजिन बंद करायचं, टर्बोला कान लावायचा आणि क्रँकशाफ्ट थांबल्यावर रोटर किती वेळ फिरत राहतो ते घड्याळावर मोजायचं. दीड ते तीन मिनिटं चाललं तर ठीक. लवकर थांबला तर बेअरिंग धरतंय, कार्बन घासतोय किंवा पाती केसिंगला लागतायत. हत्यार एकही नको, फक्त शेडमधला गलका दोन मिनिटं थांबवता आला पाहिजे.

रंगाचंही सांगून ठेवतो. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय : झिजलेल्या रिंगा किंवा टर्बोचा सील. पांढरा धूर थंड इंजिन सुरू होताना चालतो, पण इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी उतरत असण्याची शक्यता पहिली.

स्टेशनात तासन् तास उभं असलेलं इंजिन बंद का करत नाहीत? डिझेल फुकट जात नाही का? (एक प्रवासी, सातारा)

जातं. या जातीचं इंजिन आयडलवर तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल पितं. तरी ते चालू ठेवण्यामागे कारणं होती. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. लांब गाडीच्या ब्रेक पाइपमधून हवा थोडी थोडी गळतच असते, दाब उतरला की ब्रेक लागतात आणि निघताना पूर्ण गाडी पुन्हा भरून घ्यावी लागते. दुसरं कारण बॅटरी. प्रत्येकी ८ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, मिळून ६४ व्होल्ट, आणि त्यांच्या जोरावर सोळा सिलिंडरचा क्रँकशाफ्ट फिरवायचा. डब्ल्यूडीजी-३एमध्ये मुख्य अल्टरनेटर मोटरसारखा वापरता येत नाही, म्हणून ऑक्झिलरी जनरेटर आणि एक्सायटर ही दोन छोटी जनित्रं मिळून इंजिन फिरवतात. बॅटरी दमलेली असेल तर आडरानात बंद केलेलं इंजिन तिथेच राहायचं, आणि मागे सेक्शन अडकायचं. ही भीती लोको पायलटच्या मनात बसलेली, ती उगाच नव्हे.

पुढे यावर उपाय म्हणून ऑक्झिलरी पॉवर युनिट आलं. मुख्य इंजिन काही मिनिटं आयडलवर राहिलं की आपोआप बंद होतं आणि एक छोटं डिझेल इंजिन बॅटरी चार्ज करणं आणि हवेचा दाब राखणं ही दोन कामं तासाला तीनेक लिटरवर सांभाळतं.

बराच काळ बंद असलेलं इंजिन सुरू करताना थेट बटण दाबायचं नसतं. ल्युब ऑइलची पट्टी, एक्स्पान्शन टँकमधलं पाणी, गव्हर्नरचं तेल पाहायचं. मग प्रत्येक सिलिंडरचा टेस्ट कॉक (छोटी तोटी) उघडायचा आणि इंजिन हाताने पूर्ण फिरवायचं. एखाद्या कॉकमधून पाणी आलं तर तिथेच थांबायचं. हेडला तडा किंवा लाइनरची गळती असेल तर पिस्टनच्या माथ्यावर पाणी साचतं, पाणी दाबलं जात नाही, आणि बॅटरीच्या जोराने फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. कॉक कोरडे निघाले की बंद करायचे, फ्युएल पंप चालू करून प्रेशर चार किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास आलं का पाहायचं, आणि मग बटण. ल्युब ऑइलचं प्रेशर येईपर्यंत ते सोडायचं नाही. हे प्रेशर १.३ किलोच्या खाली गेलं की स्विच इंजिन बंद पाडतो. तो वारंवार पडत असेल तर स्विचला दोष देण्याआधी सम्पमध्ये (तळाच्या तेलाच्या टाकीत) डिझेल मिसळून तेल पातळ झालंय का ते तपासा.

गोव्यातल्या ब्रागांझा घाटात या इंजिनांऐवजी डब्ल्यूडीजी-४ का लावली? कोकण रेल्वेवर मात्र ३ए चालायची. (एक वाचक, मडगाव)

कोकण रेल्वेचा चढ मुद्दामच सौम्य ठेवला आहे, बहुतेक ठिकाणी १५० ला १. बोगदे आणि पूल एवढे झाले ते त्यासाठी. ब्रागांझा घाटात, म्हणजे कुळे ते कॅसल रॉक, चढ ३७ ला १ आहे, म्हणजे नुसत्या उताराविरुद्ध दर टनाला २७ किलो ओढ. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे कोळसा याच चढाने वर जातो. ४,७०० टनांच्या रेकला चढासाठी १२७ टन, इंजिनांच्या स्वतःच्या वजनासाठी पंधरा-सतरा टन, वर घर्षण आणि वळणं. एकूण मागणी दीडशे टनांच्या पुढे.

३७.९ टनांची पाच इंजिनं लावली तर कागदावर हे जमतं. पण ३७.९ ही हलवतानाची ओढ आहे, ती तासभर देता येत नाही. डीसी मोटरमधून मंद वेगात मोठा करंट गेला की आर्मेचर तापतं, म्हणून मोटरींना ठराविक मिनिटांची मर्यादा असते आणि घाट त्या मर्यादेत संपत नाही. शिवाय पावसाळ्यात त्या रुळांवर ३१ टक्के पकड मिळेल ही आशाच नको. डब्ल्यूडीजी-४च्या मोटरी एसी, कम्युटेटर नाही, सुरुवातीची ओढ सुमारे ५३ टन आणि सतत देता येणारी ४१च्या आसपास. चार इंजिनं काठावर, पाच निवांत. सगळी पुढे जोडत नाहीत, कारण पहिल्याच वाघिणीच्या कपलरवर सगळा ताण येईल. म्हणून काही मागून ढकलतात.

उतरताना दोन्ही वर्गांचा भरवसा डायनॅमिक ब्रेकवर. मोटरी जनरेटर होतात आणि वीज रेझिस्टन्स ग्रिडमध्ये उष्णता होऊन उडते. तेव्हा येणारा तीव्र घोंगाट ग्रिडच्या पंख्याचा. वेग फार कमी झाला की हा ब्रेक ओसरतो, आणि त्याच्या जोडीने इंजिनाचे हवेचे ब्रेक लागू द्यायचे नसतात. दोन्ही एकदम लागले तर चाक अडकून रुळावर घासतं आणि सपाट होतं.

पावसात व्हील स्लिप आणि ग्राउंड रिले, दोन्ही सारखे पडतात. यांचा एकमेकांशी संबंध आहे का? (एक सहायक लोको पायलट)

कधी असतो, बरेचदा नसतो. व्हील स्लिप रिले मोटरींच्या करंटची तुलना करतो. घसरलेल्या चाकाची मोटर वेगाने फिरते, तिचा करंट उतरतो, तफावत दिसली की बझर वाजतो आणि ताकद कमी होते. वाळू घसरण्याच्या आधी द्यायची. चाक गरगर फिरत असताना वाळू टाकली आणि ते एकदम धरलं, तर सगळा झटका पिनियन आणि गिअरवर येतो. बझर थांबल्यावरही नॉच लगेच पूर्वीच्या जागी न्यायची नाही. आणि वाळू खरंच रुळावर पडते का, हे शेड सोडतानाच खाली वाकून पाहावं. पावसाळ्यात निम्म्या वेळा बटण दाबून फक्त हवा येते, कारण डब्यातली वाळू ओल धरून गोळा झालेली असते किंवा नळीचं तोंड चाकापासून भलतीकडे वळलेलं असतं.

कोरड्या रुळावर, एकाच मोटरवर, पुन्हा पुन्हा स्लिप दाखवत असेल तर ती स्लिप नव्हे. आर्मेचर शाफ्टवरून पिनियन सुटलंय किंवा मोटरची केबल तुटलीय असं धरून चालायचं. उलट, चाक जॅम झालं तरी करंटमध्ये तफावत येते. म्हणून गाडी थांबवून सगळी चाकं फिरतात का ते पाहणं आलंच.

ग्राउंड रिले पडतो तो पॉवर सर्किटची वीज इंजिनाच्या अंगाला लागली तर. मोटरमध्ये पाणी किंवा गिअरकेसचं तेल शिरलं, ब्रशची धूळ साचली, केबलचं आवरण घासलं, कम्युटेटरवर फ्लॅशओव्हर झाला, ही नेहमीची कारणं. दोन्हींचा संबंध इथे येतो : जोरात घसरलेली मोटर अतिवेगाने फिरते, तिच्या कम्युटेटरवर ठिणगी पसरते आणि ग्राउंड रिले पडतो. थ्रॉटल आयडलला आणून एकदा रीसेट करून पाहतात. पुन्हा पडला तर मोटर कटआउट स्विचने एकेक मोटर तोडून दोषी कोणती ते शोधतात आणि तिला बाद करून उरलेल्यांवर, भार पेलत असेल तर, पुढे जातात. ग्राउंड रिले कटआउट करून ताकद घेत राहणं हा उपाय नाही. आग लागण्याचा तो जवळचा रस्ता आहे.

शेडमध्ये तेलाचा नमुना सारखा प्रयोगशाळेत का पाठवतात? (एक डिझेल मेकॅनिक अ‍ॅप्रेंटिस, पुणे)

कारण इंजिन न उघडता आत काय झिजतंय ते तेल सांगतं. स्पेक्ट्रोग्राफवर लोखंड वाढलेलं दिसलं तर लाइनर आणि रिंगा, तांबं आणि शिसं एकदम वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढला तर फिल्टर धूळ सोडतोय. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात गंजरोधक रसायन घातलेलं असतं, त्यातलं सोडियम किंवा बोरॉन तेलात सापडलं म्हणजे पाणी कुठूनतरी सम्पमध्ये येतंय. चिकटपणा आणि फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेते ते तापमान) उतरला तर डिझेल मिसळलंय, बहुतेक वेळा इंजेक्टरच्या किंवा पंपाच्या गळक्या जोडातून. एका नमुन्यावर निर्णय घेत नाहीत, आधीच्या नमुन्यांशी चढउतार जुळवून पाहतात. सोबत ल्युब ऑइल फिल्टरही उघडून बघा. बेअरिंगचा चमकता चुरा डोळ्यांना दिसतो, पण स्पेक्ट्रोग्राफला तो चुकतो, कारण ते यंत्र फक्त बारीक कण मोजतं.

शिकाऊंसाठी एक सक्तीची गोष्ट. बेअरिंग तापल्याच्या किंवा क्रँककेसमध्ये दाब आल्याच्या संशयावरून इंजिन बंद पडलं असेल, तर बाजूची झाकणं लगेच उघडू नका. आत तेलाची गरम वाफ असते, बाहेरची हवा मिळाली की ती पेटते. झाकणांमधले स्प्रिंगचे एक्स्प्लोजन डोअर त्यासाठीच आहेत. इंजिन निवू द्या, मग उघडा.

व्हॉल्व्हची टॅपेट क्लिअरन्स (ठेवायची फट) थंड इंजिनावर ०.०३४ इंच. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-४-७-६-८-५-२-३, प्रत्येक जोडीत आधी उजवी बाजू, मग डावी. हे दोन्ही पाठ करा, परीक्षेत आणि कामावर दोन्हीकडे विचारतात.

या इंजिनांचं आता काय होतं? (दोन-तीन पत्रांत हाच प्रश्न)

हिशेबाने त्यांचं आयुष्य ३६ वर्षांचं. मध्यावर, अठराव्या वर्षी, पतियाळाच्या कारखान्यात पूर्ण नूतनीकरण. पण विद्युतीकरण झपाट्याने झालं आणि बऱ्याच इंजिनांवर वय व्हायच्या आत काम संपायची वेळ आली. कोकण रेल्वेचंही विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं. काही यार्डात शंटिंगला लागली, काही तारा बंद पडल्या तर हाताशी असावीत म्हणून राखीव, बरीच भंगारात. वाराणसीत दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन त्यांचं १०,००० अश्वशक्तीचं जोड विद्युत इंजिन ६९ दिवसांत केलं. डब्ल्यूएजीसी-३ असं त्याचं नाव, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला हिरवा झेंडा दाखवला गेला. प्रयोग म्हणून तो धाडसी होता. पण कारखाने नवी विद्युत इंजिनं भराभर काढत असताना जुन्या सांगाड्यावर एवढा खटाटोप कितपत परवडतो, ही शंका रास्त आहे, आणि अशी इंजिनं मोजकीच झाली.

यार्डात उभं असलेलं ३ए लांबून ओळखायचं कसं? (एक शालेय विद्यार्थी, मनमाड)

चाकं बघ. एका बोगीतल्या तीन आसांमधली दोन अंतरं वेगवेगळी दिसली तर ती ट्रायमाउंट बोगी, म्हणजे बहुतेक डब्ल्यूडीएम-२ किंवा डब्ल्यूडीएम-३ए. अंतरं सारखी आणि आसाच्या पेटीवर उभ्या स्प्रिंगा दिसल्या तर हाय अ‍ॅढीजन बोगी. पण तीच बोगी डब्ल्यूडीएम-३डीलाही आहे, म्हणून नंबर वाच : अशा बोगीवर १३ किंवा १४ने सुरू होणारा पाच आकडी नंबर डब्ल्यूडीजी-३एचा, ११चा ३डीचा, १२चा डब्ल्यूडीजी-४चा. शेडचं नाव केबिनच्या बाजूला रंगवलेलं असतं. हे सगळं फलाटावरून किंवा पादचारी पुलावरून, रुळात उतरून नाही.